वर्गातला मोबाइल : कुणाच्या हातात आणि कशासाठी?

सरकारी मराठीत मोबाइलला 'भ्रमणध्वनी' म्हणतात. शब्द जरा अवजड आहे. एसटीत शेजारच्या प्रवाशाला 'अहो, तुमचा भ्रमणध्वनी वाजतोय' असं सांगितलं, तर तो आधी आपल्या तोंडाकडे बघेल आणि मग खिसा चाचपेल. पण मला स्वतःला हा शब्द आवडतो, कारण त्यात 'ध्वनी' आहे. हे यंत्र मुळात बोलण्यासाठी आणि ऐकण्यासाठी जन्माला आलं, हे आपण विसरत चाललो आहोत. हातात घेतलं की आपण त्याच्याकडे बघतो आणि बोटाने सरकवत राहतो. आज मला शाळेच्या वर्गातल्या मोबाइलबद्दल बोलायचं आहे, आणि बोलताना त्यातल्या ध्वनीची थोडी बाजू घ्यायची आहे. मी काही तंत्रज्ञ नाही. बी. ए. झालेला, कविता लिहिणारा आणि बोलावलं की शाळांमधून जाऊन मुलांना कविता ऐकवणारा माणूस आहे.

मी राहतो ती रामवाडी पेणला लागून, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला आहे. एसटीच्या विभागीय कार्यालयामुळे रायगड जिल्ह्यात हे नाव पुष्कळांना ठाऊक असतं. सकाळी इथून शाळेला निघालेली मुलं पाहिली, तर गणवेश सगळ्यांचा सारखा. पण मोबाइलच्या बाबतीत त्यांचे तीन गट पडतात. काहींच्या दप्तरात स्वतःचा मोबाइल असतो, शाळेत चालत नाही म्हणून वह्यांखाली दडवलेला. काहींच्या घरी एकच मोबाइल असतो आणि तो सकाळीच वडिलांबरोबर कामावर जातो. तिसऱ्या गटातल्या मुलांच्या घरी मोबाइल असला तरी त्यात रिचार्ज नसतो, किंवा घर डोंगराच्या आडोशाला असल्याने रेंज नसते. 'वर्गात मोबाइल असावा की नसावा' या प्रश्नाचं एकच उत्तर आपण देतो, तेव्हा ते या तिघांनाही लागू होतं. पहिल्याला त्याने मोह होतो, दुसऱ्याला वाट पाहावी लागते आणि तिसऱ्याला आपण मागे आहोत याची आठवण होते. म्हणून 'असावा की नसावा' याच्याआधी 'कुणाच्या हातात आणि कशासाठी' हे विचारायला हवं.

नवं यंत्र आलं की शाळेचा कायापालट होणार, ही घोषणा जुनीच आहे. एडिसनने १९१३ साली भाकीत केलं होतं की चित्रपट आले, आता शाळांतून पुस्तकं लवकरच हद्दपार होतील. शंभर वर्षं उलटून गेली, पुस्तकं अजून दप्तरात आहेत. आपल्याकडे आकाशवाणीवरून शालेय कार्यक्रम झाले. १९७५-७६ मध्ये 'साइट' हा उपग्रह दूरचित्रवाणीचा मोठा प्रयोग सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत झाला. १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली. दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम पाहत एक पिढी मोठी झाली. पुढे २०१७ साली ती संस्था बंद करण्यात आली. या साऱ्यांनी आपापल्या परीने चांगलं काम केलं. पण रेडिओ असो वा टीव्ही, तो बोलायचा आणि मुलं ऐकायची. मुलाला काही विचारायचं असेल, तर त्याला वर्गातल्या बाईंकडे किंवा गुरुजींकडेच वळावं लागे. मोबाइलचं वेगळेपण इथे आहे. तो ऐकवतो, तसाच ऐकूनही घेतो. मुलाचा आवाज, त्याने काढलेलं चित्र, त्याने टिपलेलं दृश्य तो साठवून ठेवतो. शिकण्यासाठी त्याचा खरा उपयोग मला या ऐकून घेण्यात दिसतो, आणि नेमका तोच सर्वांत कमी होतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि हा सगळा प्रश्न एका रात्रीत घरात शिरला. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' असं ब्रीद निघालं. ज्या मोबाइलला शाळेच्या फाटकाच्या आत मज्जाव होता, तोच शाळा झाला. आमच्या रायगडात तर त्याच्या जोडीला ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं. विजेचे खांब आडवे झाले, घरांवरची कौलं आणि पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. किनाऱ्याजवळच्या कित्येक गावांना वीज परत येण्याची दिवसेंदिवस वाट पाहावी लागली. जूनमधला तो शाळा सुरू होण्याचा काळ. मुलांनी ऑनलाइन शिकावं असं ठरलं होतं, आणि मोबाइल चार्ज करायला घरात वीज नव्हती. सिंधुदुर्गातल्या एका गावात रेंज मिळत नाही म्हणून एका विद्यार्थिनीला डोंगरावर झोपडी बांधून दिली गेली आणि भर पावसात तिने तिथे बसून अभ्यास केला. वर्तमानपत्रांनी तिचं कौतुक केलं. ते योग्यच होतं. पण शिकण्यासाठी मुलीला डोंगर चढावा लागतो, ही गोष्ट कौतुकाइतकीच काळजीचीही होती.

त्या काळात 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीने देशभरातून आकडे गोळा केले. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे, त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं. २०२० मध्ये ते ६१.८ टक्के झालं. म्हणजे कर्ज काढून, शेळी विकून, गळ्यातलं मोडून का होईना, लोकांनी मुलांसाठी मोबाइल घेतले. पण याच पाहणीत असंही दिसलं की पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालेली मुलं सुमारे एक तृतीयांशच होती. घरात यंत्र पोहोचलं, त्यातून शिक्षण पोहोचेलच याची खात्री नव्हती.

आणि म्हणून ज्यांनी यंत्राची वाट पाहिली नाही, त्यांची आठवण ठेवायला हवी. पालघर जिल्ह्यातल्या दांडवळसारख्या आदिवासी गावात एका स्वयंसेवी संस्थेने ध्वनिक्षेपक लावून 'बोलकी शाळा' भरवली. मुलं मोकळ्या जागेत अंतर राखून बसली आणि कर्ण्यातून धडे ऐकू लागली. सोलापूरच्या नीलमनगरात, कामगारांच्या वस्तीत, शाळेने घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. चालता चालता मुलं पाढे वाचायची, शब्द ओळखायची. 'सह्याद्री' वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' मालिका लागली. कर्णा, भिंत आणि टीव्ही. तिन्ही जुनीच साधनं, पण ती त्या मुलांपर्यंत पोहोचली. साधन नवं आहे की जुनं, याला वर्गात फारसं महत्त्व नसतं. शेवटच्या बाकावरच्या मुलापर्यंत ते जातं का, एवढंच पाहायचं असतं.

आता मोबाइलचा नेटका उपयोग करून दाखवलेल्या एका माणसाकडे वळू. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात परितेवाडी नावाची वाडी आहे. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजी २००९ साली रुजू झाले. शाळेची इमारत एका बाजूला गुरांचा गोठा आणि दुसऱ्या बाजूला कोठीची खोली यांच्यामध्ये अडकलेली, पडकी. अनेक मुलांच्या घरची बोली कन्नड आणि पुस्तकाची भाषा मराठी. गुरुजींनी आधी मुलांची भाषा शिकून घेतली. पुस्तकातला मजकूर त्यांच्या बोलीत आणला, आणि मग पानांवर 'क्यूआर कोड' नावाचे ते चौकोनी ठिपक्यांचे शिक्के चिकटवले. मोबाइल त्या शिक्क्यावर धरला की कविता ऐकू यायची, धडा दिसायचा, गोष्ट सुरू व्हायची, स्वाध्याय पुढ्यात यायचा. पुढे २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने सर्व इयत्तांच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड आणण्याचं ठरवलं. आज बालभारतीचं पुस्तक उघडलं की तो ठिपक्यांचा चौकोन दिसतो, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या 'दीक्षा' या व्यासपीठावरचं साहित्य त्यातून उघडतं. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले गुरुजींना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

या गोष्टीत सगळ्यांनी तो चौकोनी शिक्का पाहिला, कारण तो दिसतो. मला त्याच्या आधीची पायरी मोठी वाटते. आधी गुरुजींनी कान दिला, मुलांची भाषा शिकली, आणि नंतर यंत्र आलं. ही पायरी वगळून नुसते शिक्के छापले, तर मूल मोबाइल धरून न कळणाऱ्या भाषेतलाच धडा पुन्हा ऐकेल, फक्त जरा मोठ्या आवाजात. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात पष्टेपाड्याच्या छोट्या शाळेत संदीप गुंड गुरुजींनी टॅबलेटवर शिकवण्याचा प्रयोग केला. त्यामागेही गावाला बरोबर घेणारा शिक्षक होताच. गाव आणि गुरुजी एकत्र नसते, तर ते टॅबलेट कपाटात कुलुपबंद राहिले असते. तसे संगणक अनेक ठिकाणी राहिलेले आहेत.

घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांतलं अंतर मला चांगलं ठाऊक आहे. आमच्या घरात कोकणी मुसलमानांची बोली, मकतबात अरबी, शाळेत प्रमाण मराठी आणि बाजारात या सगळ्यांची खिचडी. मकतबात आम्ही ऐकून ऐकून पाठ करायचो. शाळेत पाढे आणि कविता तशाच पाठ व्हायच्या. शेजारच्या आळीत कीर्तन असलं की तिथेही कानच उपयोगी पडायचे. ऐकणं ही आपल्याकडची शिकण्याची फार जुनी रीत आहे. शाळेत मात्र ती मागे पडली. मुलाने स्वतः वाचलेलं त्याला स्वतःला कधी ऐकायला मिळत नाही. चुकलं की सर सांगतात, पण कुठे चुकलं हे त्याच्या कानाला कळत नाही.

काही वर्षांपूर्वी एका शाळेत कविता ऐकवायला गेलो असताना तिथल्या बाईंनी एक साधी गोष्ट करून दाखवली. आठ-दहा मुलांनी एक उतारा एकेक करून वाचला. बाईंनी टेबलावर मोबाइल ठेवून प्रत्येकाचं वाचन ध्वनिमुद्रित केलं आणि लगेच ऐकवलं. एक मुलगा अडखळत वाचणारा होता. त्याने स्वतःचा आवाज ऐकला, हसला, आणि न सांगता म्हणाला, "बाई, मी थांबलोच नाही कुठे. परत वाचतो." पूर्णविराम कशासाठी असतो, हे त्याला त्या क्षणी कळलं. व्याकरणाच्या तासाला ते कितीदा सांगून झालं असेल! मग त्याने परत वाचलं आणि या वेळी वर्ग शांत बसून ऐकू लागला. इंटरनेट नव्हतं, ॲप नव्हतं, मुलांच्या हातात मोबाइल नव्हता. बाईंचा एक साधा मोबाइल होता आणि त्यातलं आवाज टिपणारं बटण होतं.

असे उपयोग पुष्कळ आहेत आणि त्यांना एकच मोबाइल पुरतो. विज्ञानाच्या तासाला वाल भिजत घालून मोड येतात ते दाखवतात. रोज एकाच वेळी, एकाच जागेवरून त्याचा एक फोटो काढला आणि दहा दिवसांनी ते फोटो ओळीने पाहिले, तर वाढणं म्हणजे काय हे डोळ्यांना दिसतं. पेणच्या परिसरातल्या मुलांना खाडी जवळ आहे. भरती-ओहोटीच्या वेळी बांधावरच्या एकाच दगडाचे फोटो काढले आणि त्यांवर वेळ आणि तिथी लिहिली, तर चंद्राचा आणि पाण्याचा संबंध पुस्तकाबाहेर सिद्ध होतो. मोबाइलमधलं 'स्टॉपवॉच' लावून धावण्याची वेळ मोजली, नाडीचे ठोके मोजले आणि वहीत आलेख काढला, तर गणिताचा तास मैदानावर भरतो. आमच्या भागात पेण आणि हमरापूरच्या कारखान्यांत वर्षभर गणपतीच्या मूर्ती घडतात. मुलांच्या गटाने कारखान्यात जाऊन डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराची मुलाखत घेतली आणि ती ऐकून वर्गात लिहून काढली, तर भाषा, कला आणि हिशेब असे तीन विषय एका तासात येतात. यांत प्रत्येक वेळी मोबाइल वहीच्या सेवेला आहे. मूल शेवटी कागदावर परत येतं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आणखी एक काम आहे, आणि ते लांबणीवर टाकता येण्यासारखं नाही. खारेपाटातल्या म्हाताऱ्या माणसांकडे शब्दांचा मोठा साठा आहे. उधाण आणि भांग, बांधाला पडलेली खांड, पाणी सोडायची उघाडी, भाताचा राब, आवण, उडवी. शेती कमी होते आहे, जमिनी विकल्या जात आहेत, मिठागरं बंद पडत आहेत, आणि त्यांच्याबरोबर हे शब्दही निघाले आहेत. नातवाने आजोबांसमोर मोबाइल धरून 'बाबा, उघाडी म्हणजे काय हो?' असं विचारलं, तर दोन मिनिटांत एक शब्द वाचतो. शिवाय ज्या आजोबांना आपण अडाणी आहोत असं आयुष्यभर वाटत आलं, ते त्या दिवशी शाळेचे पाहुणे शिक्षक होतात.

पेण आणि रोहा तालुक्यांत कातकरी वाड्या आहेत. कातकरी ही केंद्र सरकारने विशेष दुर्बल गटांत धरलेल्या महाराष्ट्रातल्या तीन आदिवासी जमातींपैकी एक. इतर दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. कातकरी मुलाची बोली वेगळी असते. पहिलीत तो गप्प बसतो आणि आपण त्याला मठ्ठ समजतो. पावसाळा संपला की त्याचे आईवडील वीटभट्टीवर जातात, मूलही जातं, आणि पटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा सुरू होतात. अशा मुलांसाठी मोबाइल काय करू शकेल? त्याच्याच तोंडून त्याच्या बोलीतले शब्द टिपून, शेजारी मराठी शब्द ठेवून, एक बोलकी शब्दावली तयार करता येईल. ती शब्दावली त्याला मराठी शिकवेल आणि त्याच्या गुरुजींना त्याची बोली. भट्टीवर गेल्यावर आठवड्यातून एकदा गुरुजींचा फोन आला, दोन गोष्टी ऐकवल्या, दोन ओळी त्याच्याकडून वाचून घेतल्या, तर शाळेशी त्याचा धागा तुटणार नाही. यासाठी महागडा फोन लागत नाही. साधा बोलण्याचा फोनही चालेल.

आता दुसरी बाजू पाहू, कारण ती तितकीच खरी आहे. युनेस्कोने २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालात शाळेतल्या तंत्रज्ञानाचा आढावा घेतला आणि इशारा दिला. एकदा लक्ष विचलित झालं की ते अभ्यासावर परत यायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, असं त्यात नमूद आहे. आपला तास असतो पस्तीस-चाळीस मिनिटांचा. म्हणजे खिशातला फोन एकदा थरथरला, की त्या मुलाचा अर्धा तास गेला. फ्रान्सने २०१८ साली कायदा करून पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांत मोबाइल बंद केला. नेदरलँड्समध्ये जानेवारी २०२४ पासून माध्यमिक शाळांच्या वर्गांतून तो बाहेर गेला. ब्राझीलने जानेवारी २०२५ मध्ये तसा कायदा केला. स्वीडनमध्ये छापील पाठ्यपुस्तकांसाठी पुन्हा जास्त पैसे दिले जाऊ लागले. ही सगळी तंत्रज्ञानात पुढे असलेली, आपण ज्यांच्याकडे बघून शिकतो अशी माणसं आहेत.

आपल्या न्यायालयांनीही यावर विचार केला आहे. केरळमधल्या एका महाविद्यालयाच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत मुलींना मोबाइल वापरायला बंदी होती. एका विद्यार्थिनीने ती मानली नाही, तिला वसतिगृह सोडावं लागलं आणि ती न्यायालयात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटलं की इंटरनेट मिळणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शाळांबाबत सांगितलं की सरसकट बंदी इष्टही नाही आणि व्यवहार्यही नाही. पण शाळेतल्या वापरावर नियम आणि देखरेख हवी, आणि शक्य तिथे मुलांनी फोन आल्यावर जमा करावा. महाविद्यालयातल्या मुलीचा हक्क आणि सातवीतल्या मुलाचं हित या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे या दोन निकालांतून लक्षात येतं.

गावांनीही आपापली उत्तरं शोधली. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावने १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. तो वाजला की घराघरांतले मोबाइल आणि टीव्ही दीड तास बंद, मुलं अभ्यासाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बांशी गावाच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल देऊ नये असा ठराव केला. मला यांपैकी वडगावचा भोंगा जास्त पटतो. त्यात मोठी माणसंही आपापले मोबाइल खाली ठेवतात. बाप मालिकेत आणि आई रीलमध्ये गुंतलेली असताना मुलाला 'पुस्तक घे' म्हणून सांगणं फारसं चालत नाही.

'असर'च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भागातल्या चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं. त्यांपैकी ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेली मुलं होती ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ टक्के. यात मुलांना नावं ठेवण्यासारखं काही नाही. अभ्यासासाठी मोबाइल कसा वापरायचा हे त्यांना कुणी शिकवलं? समाजमाध्यमं कशी वापरायची हे शिकवावं लागत नाही, ती तशीच घडवलेली असतात. त्याआधी २०२३ मध्ये चौदा ते अठरा वयोगटाची पाहणी झाली, तिच्यातला एक आकडा मला जास्त बोचला. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, आणि मुली फक्त १९.८ टक्के. घरात फोन घेतला की तो आधी भावाच्या हाती जातो. बहिणीला तो मागून घ्यावा लागतो, आणि कशाला हवाय हे सांगावंही लागतं. म्हणून 'घरी जाऊन मोबाइलवर बघून या' असा गृहपाठ दिला, की तो मुलीला आणि मुलाला सारखा राहत नाही. जे मोबाइलवर करायचं, ते वर्गात, सगळ्यांसमोर आणि सगळ्यांनी मिळून करावं, असं मला त्यामुळेच वाटतं.

शिक्षकांच्या मोबाइलचीही एक व्यथा आहे. तो वर्गात असतोच, पण बहुतेक वेळा शिकवण्यासाठी नसतो. 'ही माहिती तातडीने पाठवा', 'हा फोटो अपलोड करा', 'ही लिंक भरा' असे निरोप दिवसभर येत असतात. खडू हातात आणि डोळे गटावरच्या निरोपाकडे, अशी गुरुजींची अवस्था होते. मुलं हे पाहतात. त्यांच्याकडून मोबाइल बाजूला ठेवण्याची अपेक्षा करायची असेल, तर शिकवण्याच्या तासात गुरुजींकडेही कुणी माहिती मागू नये, एवढी सोय तरी वरच्यांनी करायला हवी.

नोव्हेंबर २०२२ मध्ये 'चॅटजीपीटी' आलं आणि प्रश्नाला नवा फाटा फुटला. 'माझी आई' या विषयावर निबंध मागितला की यंत्र तो क्षणात लिहून देतं. त्या निबंधातली आई नेहमी पहाटे उठते, प्रेमळ असते आणि कधी रागावत नाही. खरी आई बाजारात पापड विकून येते, दमलेली असते, रागावतेही. यंत्राला ती ठाऊक नाही. फक्त मुलाला ठाऊक आहे. निबंध वर्गात बसून लिहून घेतला आणि त्यात स्वतःच्या घरातली एक तरी खरी गोष्ट मागितली, तर यंत्राकडे जाण्याचं कारण बरंचसं संपतं. प्रश्न जुने ठेवून नव्या यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही.

मग करायचं काय? माझ्या अल्प समजुतीप्रमाणे चार-पाच गोष्टी सांगतो. मुलांचे स्वतःचे मोबाइल शाळेच्या वेळेत बाहेर, कपाटात. त्यात श्रीमंत-गरीब असा भेद नको. वर्गात असेल तो शाळेचा किंवा शिक्षकांचा, गटाला एक. तो एका ठरलेल्या कामासाठी बाहेर निघावा आणि काम झालं की आत जावा. लागणारं साहित्य आदल्या दिवशीच उतरवून ठेवावं, म्हणजे ऐन वेळी रेंज शोधत फिरावं लागणार नाही. तयार धडा दाखवण्याआधी मुलांचा आवाज, मुलांचं निरीक्षण टिपण्यासाठी तो वापरावा. आणि मुलांचे फोटो, चित्रफिती वाटेल त्या गटावर टाकू नयेत. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती महत्त्वाची मानली आहे. कायदा नसता, तरी रडणाऱ्या किंवा चुकणाऱ्या मुलाची चित्रफीत गावभर फिरवणं वाईटच होतं.

शिक्षक श्रोत्यांना एक विनंती करून थांबतो. उद्या एका तासाला पाठ्यपुस्तकातली एखादी कविता घ्या. ज्या मुलाचा किंवा मुलीचा आवाज वर्गात कधीच निघत नाही, त्याला दोन ओळी वाचायला सांगा. त्या टिपा आणि त्याच्या परवानगीने त्याला ऐकवा. पहिल्यांदा तो लाजेल, कान झाकेल. चौथ्या-पाचव्या वेळेला तो तुमच्याजवळ येऊन विचारील की आज माझा नंबर कधी. तेव्हा त्याला पुढे बोलवा, आणि मोबाइल बाजूला ठेवून त्याचं वाचन तुम्ही स्वतः ऐका.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)